फॉर्म भरता भरता

बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनला काही दिवस उसंत नसते. मामेबहिणी, त्यांच्या मैत्रिणी, आईच्या बचत गटातल्या काकूंच्या मुली, सगळ्यांचा प्रश्न एकच, ताई सायकॉलॉजी घेऊ का. थोड्या वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडं साताऱ्यात सायकॉलॉजी म्हटलं की घरातली मोठी माणसं विचारायची, वेड्यांची डॉक्टर होणार काय. आता मुलींना अँक्झायटी म्हणजे काय माहितीये, ट्रॉमा माहितीये, आणि आपल्याला किंवा आपल्या मैत्रिणीला जे होतंय ते समजून घ्यावं असं त्यांना मनापासून वाटतंय. मला याचा फार आनंद आहे. पण सोशल वर्क घेऊ का असं विचारणारी एखादीच भेटते, आणि दोन्ही एकत्र करू का असं तर अजून कुणी विचारलेलं नाही. माझं उत्तर मात्र प्रत्येकीला तेच असतं. दोन्ही कर, आणि एक आधी एक नंतर असं न करता एकाच वेळी कर. फोनवर हे का म्हणते ते नीट सांगता येत नाही, म्हणून आज बसून लिहितेय.

अमेरिकेत ह्यूमन सर्व्हिसेस नावाची बॅचलर डिग्री असते आणि तिथल्या बऱ्याच कॉलेजांत ती सायकॉलॉजीला जोडून करता येते. म्हणजे माणसाचं मन कसं चालतं हे एका बाजूनं शिकायचं, आणि व्यसनात अडकलेली, बेघर झालेली, म्हातारपणी एकटी पडलेली, जेलमधून सुटून आलेली, मूल सांभाळायची ताकद न उरलेली जी माणसं असतात त्यांच्यापर्यंत मदत पोचवणारी यंत्रणा कशी चालते, ती कुठं अडते, हे दुसऱ्या बाजूनं. आपल्याकडं या दोन गोष्टींची घरंच वेगळी झालीत. सायकॉलॉजी बीएच्या बिल्डिंगमध्ये, बीएसडब्ल्यूचं, म्हणजे सोशल वर्कच्या डिग्रीचं, कॉलेज दुसरीकडंच, आणि दोन्हीकडची मुलं तीन वर्षांत एकमेकांना भेटतसुद्धा नाहीत.

मला दोन्ही एकत्र शिकता आलं ते एका नियमामुळं. २०२२ च्या एप्रिलमध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठांचे नियम ठरवणाऱ्या आयोगानं, ठरवलं की विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन डिग्र्या करता येतील, त्यातली एक रेग्युलर आणि दुसरी डिस्टन्सनं केली तरी चालेल. मी त्याच वर्षी बारावी झालेले. मग बीएसडब्ल्यू साताऱ्यात रेग्युलर आणि बीए सायकॉलॉजी इग्नू या मुक्त विद्यापीठातून, असं ठरवलं. आबा म्हणाले, दोन-दोन कशाला, एक धड कर. आई काही बोलली नाही, तिनं फक्त रात्रीची भांडी घासायचं काम माझ्याकडून काढून घेतलं, त्यामुळं तिचं उत्तर मला कळलं.

बीएसडब्ल्यूत आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं, म्हणजे वर्गात बसायचं नाही, संस्थेत किंवा वस्तीत किंवा गावात जायचं, होम व्हिजिट करायच्या, संध्याकाळी सगळं रेकॉर्डिंग लिहून सुपरव्हायझर मॅडमना दाखवायचं. व्यक्ती सहाय्य कार्य (केसवर्क, म्हणजे एकेका माणसासोबतचं काम), गट कार्य, समुदाय संघटन हे पेपर वर्गात आणि त्यांचा खरा अर्थ बाहेर. आणि रात्री सायकॉलॉजीची पुस्तकं. दमायला व्हायचं, इग्नूची परीक्षा जून आणि डिसेंबरला यायची आणि नेमकी तेव्हाच इकडं कसली ना कसली सबमिशनं असायची. पण या दमण्यात एक गोष्ट घडत गेली, जी मला आजही मोलाची वाटते. दिवसा बघितलेलं माणूस रात्री पुस्तकात सापडायचं आणि रात्री वाचलेली व्याख्या दुसऱ्या दिवशी एसटीत शेजारी येऊन बसायची.

सायकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला मुलर-लायरचा प्रयोग असतो, सगळ्यांना असतो. १८८९ पासूनचा आहे. दोन सारख्या लांबीच्या रेघा, एकीच्या टोकांवरच्या तिरक्या रेघा आतल्या बाजूला वळलेल्या, दुसरीच्या बाहेर फाकलेल्या, आणि बाहेर फाकलेल्या टोकांची रेघ डोळ्याला लांब दिसते. पट्टी लावून मोजा, सारख्या आहेत हे पटवून घ्या, तरी लांबच दिसते. आम्ही तो केला, तक्ता भरला, सरासरी चूक काढली. नंतर वाचनात आलं की १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स या तिघांनी हाच भास वेगवेगळ्या समाजांत तपासला, आणि सगळी माणसं सारखी फसत नाहीत असं दिसलं. अमेरिकेतली माणसं भरपूर फसतात, कलाहारीतल्या सान लोकांवर या भासाचा जवळजवळ परिणामच होत नाही. मी ते वाचून किती वेळ नुसती बसून होते. म्हणजे ज्याला आपण डोळ्याचा नियम म्हणतो त्यातसुद्धा माणूस कुठं वाढला, कशा घरात वाढला, हे शिरलेलं असू शकतं. मग दुःखाचं, रागाचं, भीतीचं काय? ते परिस्थितीपासून सोडवून एकटं कसं तपासणार?

कर्ट लेविन यांनी १९३६ मध्ये हे एका ओळीत मांडलं होतं, माणसाचं वागणं हे माणूस आणि त्याची परिस्थिती या दोन्हींवर मिळून ठरतं. हे समीकरण सायकॉलॉजीच्या पुस्तकात येतं आणि परीक्षेत दोन मार्कांना विचारतात. आणि सोशल वर्कच्या पहिल्याच वर्षी मेरी रिचमंड येतात, ज्यांनी १९१७ मध्ये व्यक्ती सहाय्य कार्याची पहिली शास्त्रीय मांडणी केली, त्यातही माणूस आणि त्याच्या भोवतीची नाती, शेजार, नोकरी, शाळा हे एकत्रच तपासायचं असतं. मुंबईत १९३६ ला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेच आजचं टीस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), आणि पुढच्याच वर्षी तिथं मुलांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक निघालं. आपल्या देशात समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं तेच मुळी मुलांच्या मनाचा विचार सोबत घेऊन. नंतर कधीतरी आपण भिंत घातली.

आता मूळ गोष्टीकडं येते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय.

आमच्याकडं, म्हणजे जावळी, पाटण, माण, खटाव या भागात, माणूस "मला बोलायचंय" म्हणून येत नाही. तो दाखला काढायला येतो, पेन्शनचा फॉर्म भरून घ्यायला येतो, आधारवरचं नाव चुकलंय म्हणून येतो, पोराच्या हॉस्टेलच्या अर्जासाठी येतो. समुपदेशन केंद्राची पाटी लावलेली खोली असते, खुर्च्या असतात, भिंतीवर पोस्टर असतं, आणि तिथं कुणी पायरी चढत नाही, कारण ती पायरी चढताना सगळं गाव बघत असतं. तेच संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनचा फॉर्म घेऊन कुणी आलं तर कुणाच्या नजरेत काही नसतं. उलट शेजारीण म्हणते, जा, पोरगी चांगली आहे, भरून देती.

मी फील्डवर्कला होते तेव्हा अशाच एक काकू आल्या. (गाव, नाती, तपशील मी सगळे बदललेत, ओळख पटेल असं काही लिहिणार नाही.) नवरा मुंबईला माथाडी होता. आमच्या डोंगरी भागातलं कुठलंही घर बघा, एक तरी माणूस वाशीच्या मार्केटला असतो किंवा होता. माथाडींचा कायदा १९६९ चा, ज्या अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांना उभं केलं ते आमच्या पाटणचेच. तर हा माणूस पाठ गेली म्हणून गावी परत आला, दारू आधीपासून होती ती वाढली, शेवटी कावीळ झाली आणि गेला. काकूंना संजय गांधी निराधारचा फॉर्म भरायचा होता. विधवेला या योजनेत महिना १५०० रुपये मिळतात, २०२३ च्या आधी ते १००० होते, आणि त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत असावं लागतं, म्हणजे महिन्याला १७५०. हा आकडा मी दर वेळी मनात मोजते.

मी एकेक रकाना विचारत होते, त्या सांगत होत्या. नाव, वय, गाव, रेशन कार्ड. मग पतीच्या मृत्यूची तारीख आली. दाखल्यावर होतीच, मी नुसती लिहून टाकली असती तरी चाललं असतं, पण विचारली. त्यांनी तारीख सांगितली आणि थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी मी लई बोलले त्यांना. चहा पण दिला न्हाई."

मी पेन खाली ठेवला. अशा वेळी तोंडातून आपोआप येतं ते म्हणजे रडू नका काकू, किंवा तुमचा काय दोष. सायकॉलॉजीनं मला हे शिकवलं की ही दोन्ही वाक्यं समोरच्याचं बोलणं बंद करतात. दोष नाही असं मी घाईघाईनं म्हटलं असतं तर त्यांनी तो तसाच घरी परत नेला असता. मी म्हटलं, काय झालं होतं सकाळी? आणि मग त्या बोलत राहिल्या, लग्न झालं तेव्हापासूनचं, नवरा दर गणपतीला मुंबईहून यायचा तेव्हा काय काय आणायचा, दारू प्यायला की कसा व्हायचा, न पिता किती चांगला होता, शेवटचे महिने अंथरुणात कसे गेले, त्या दिवशी सकाळी पैशावरून कसं वाजलं. चांगलं आणि वाईट एकाच माणसाबद्दल, एकाच दमात. गेलेल्या माणसाबद्दल राग असणं हा दुःखाचाच भाग असतो हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्या बाईला गावात हा राग बोलायला जागाच नव्हती, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात ना.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "राहिलेलं लिही की पोरी, एसटी जाईल माझी."

आणि मला त्या क्षणी फॉर्मची किंमत कळली. बंद खोलीत समोरासमोर नुसतं बोलायला बसलेल्या माणसाला थांबायचं कसं हा मोठाच प्रश्न असतो, एवढं सगळं सांगून झाल्यावर उठून जायचं कसं. फॉर्मला पुढचा रकाना असतो. तो माणसाला परत उभं राहायला जागा देतो. आणि फॉर्ममध्ये नेहमी काहीतरी कमी असतं, एक फोटो, एक झेरॉक्स, रहिवासी दाखला, त्यामुळं परत यायला कारण असतं, आणि परत आलं की पुढचं बोलणं. काकू नंतर येत राहिल्या. बँकेचं पासबुक आणलं तेव्हा झोप लागत नाही हे सांगितलं. तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला आणला तेव्हा धाकटा पोरगा शाळेत बोलेनासा झालाय हे सांगितलं, आणि मग आम्ही शाळेत जाऊन गुरुजींना भेटलो.

समजा मी नुसती सायकॉलॉजी शिकले असते, तर त्या काकू माझ्यापर्यंत आल्याच नसत्या, कारण माझ्याकडं त्यांच्या कामाचं काही नव्हतं. आणि नुसतं सोशल वर्क शिकले असते तर कदाचित मी तारीख लिहून पुढच्या रकान्यावर गेले असते, फॉर्म भरला असता, पेन्शन चालू झाली असती, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये केस पूर्ण असं लिहिलं गेलं असतं. एकीकडं १५०० रुपयांशिवाय मन सावरत नाही आणि दुसरीकडं १५०० रुपये मिळूनही ती सकाळ जात नाही. म्हणून मी म्हणते दोन्ही शिका, आणि अठरा-एकोणीस वर्षांचे असतानाच शिका. एका नजरेची सवय पक्की झाली की दुसरी नंतर वरून चिकटवावी लागते. एमए झालेले, फार हुशार लोक मी बघितलेत ज्यांना तहसील कचेरीतली कुठली खिडकी कशाची ते माहीत नसतं, आणि तेवढेच तळमळीचे कार्यकर्ते बघितलेत ज्यांना समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायची सवय असते, कारण त्यांच्या मनात पुढची योजना तयार असते.

पैशाचा आणि डोक्याचा संबंध किती जवळचा आहे यावर एक अभ्यास आहे, तो मी भेटेल त्याला सांगते कारण तो आपल्या ओळखीच्या पिकाचा आहे. २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला. तामिळनाडूतले ४६४ ऊस उत्पादक शेतकरी घेतले. ऊस तोडणीच्या आधी, म्हणजे हात एकदम आखडलेला असतो तेव्हा त्यांना कोडी आणि चाचण्या दिल्या, आणि बिल मिळाल्यावर त्याच माणसांना पुन्हा दिल्या. पैसे नसतानाच्या चाचणीत तीच माणसं कमी पडली, पैसे आल्यावर चांगली आली. माणूस तोच, बुद्धी तीच. पैशाची चिंता डोक्यातली जागा खाऊन टाकते असा त्यांचा निष्कर्ष. कराडकडं, कोरेगावकडं ऊस लावणाऱ्या कुणाच्याही घरी हे सांगा, त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. ऊस तुटून गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावं असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि ते बिल कधी जमा होतं यावर त्या घरातला दिवाळीनंतरचा सगळा मूड ठरतो, भांडणं ठरतात, पोरीची फी ठरते. मग एखादा शेतकरी "काही सुचत नाही, विसरायला होतं" म्हणत समोर बसला तर तो कुठल्या महिन्यात आलाय हे बघायचं भान पाहिजे की नको? सायकॉलॉजीच्या मुलीला ऊस कळला पाहिजे. माझं हे अगदी ठाम मत आहे.

दुसरी एक गोष्ट सांगते, यात दोन्ही विषय एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडणही शिकण्यासारखं आहे. एका घरात तरुण मुलगा, स्किझोफ्रेनियाचं निदान झालेला. आधी बरीच वर्षं बाहेरचं आहे म्हणून देवऋषी, अंगारे, मग कुणीतरी सिव्हिलला पाठवलं, गोळ्या चालू झाल्या, फरक पडला. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि मानसिक आजार त्यातला एक आहे, हे खूप घरांना माहीतच नसतं. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर पेन्शन मिळू शकते, एसटीला सवलत मिळते. माझ्यातली बीएसडब्ल्यूची विद्यार्थिनी म्हणत होती, लगेच अर्ज करू. सायकॉलॉजीत मात्र मी नुकतंच वाचलं होतं की एखाद्याला एकदा नाव चिकटलं की सगळे त्याचं प्रत्येक वागणं त्या नावातूनच बघायला लागतात. आणि घरचे तेच म्हणत होते, शिक्का बसेल, बहिणीचं लग्न व्हायचंय. कोण बरोबर? दोघंही. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, तू त्याला विचारलंस का? मग एके दिवशी त्यालाच विचारलं, घरच्यांच्या देखत, सगळं समजावून, फायदे काय, त्रास काय. तो म्हणाला, "पास मिळेल का? मग मी एकटा जाईन गोळ्या आणायला." वडिलांचा रोज बुडायचा ना दर वेळी त्याला घेऊन जायला. त्यानं ठरवलं, मग कागद केले. ज्याचं आयुष्य त्यानं ठरवायचं हे सोशल वर्कचं तत्त्व, पण तो ठरवण्याच्या स्थितीत आहे का, त्याला समजतंय का, कुठल्या वेळी विचारावं, हे ओळखायला आजार माहीत असावा लागतो.

हे सगळं काही बाहेरून आलेलं शहाणपण आहे असं कुणी समजू नये. आमच्या साताऱ्याला ही नजर जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीला बसायची, कामं करून शिकायची. बोर्डिंगमध्ये धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं. हे आपण शाळेत इतक्या वेळा ऐकतो की त्यावर थांबून विचार करत नाही. गरीब घरातल्या पोराला शिकवायचं तर आधी त्याच्या जेवणाची, झोपायची सोय पाहिजे, आणि त्याच वेळी त्याच्या मनातला कमीपणा जायला पाहिजे, फुकटचं खातोय असं त्याला वाटता कामा नये, म्हणून काम. कमवा आणि शिका यात जेवढी अर्थव्यवस्था आहे तेवढंच मानसशास्त्र आहे. आणि पुढं नरेंद्र दाभोलकर, स्वतः डॉक्टर, त्यांनी १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि इथंच परिवर्तन संस्थेतून व्यसनमुक्तीचं काम उभं केलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला तेव्हा मी शाळेत होते, सातारा त्या दिवशी कसा झाला होता ते मला आठवतं. व्यसन सोडवायचं तर बायको-पोरांना सोबत घ्यावं लागतं, अंगात येणाऱ्या बाईला हसून चालत नाही, तिचं ऐकावं लागतं, हे या गावात राहून मला कानावर पडत आलंय.

आता व्यवहाराचं. मुलींना मी हे आधीच सांगते, की तीन वर्षांची डिग्री झाली म्हणजे तुम्ही सायकॉलॉजिस्ट झालात असं होत नाही, तशी पाटी लावायची नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला पुढं मास्टर्स, क्लिनिकल प्रशिक्षण आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी लागते, तो कायदा १९९२ चा आहे. सायकिअॅट्रिक सोशल वर्करला, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांसोबत काम करणाऱ्या सोशल वर्करलासुद्धा पुढचं शिक्षण लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हे दोघंही मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून एकाच व्याख्येत आहेत. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअरच्या, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यातल्या इतर व्यावसायिकांच्या कायद्यातही सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्कर एकाच गटात घातलेत. बालन्याय कायदा बघा, २०१५ चा, बालकल्याण समितीवर कोण बसू शकतं ते सांगताना बालमानसशास्त्र आणि समाजकार्य एकाच वाक्यात येतात. कायदा लिहिणाऱ्यांना हे विषय जवळचे वाटले, आमच्या प्रवेश अर्जात मात्र ते लांब राहिले. पगारही सुरुवातीला कमीच, संस्थेतलं काम बऱ्याचदा प्रोजेक्टवर असतं, प्रोजेक्ट संपला की पुढचं शोधा. हे न सांगता कुणाला या वाटेला लावणं मला बरं वाटत नाही.

आणि मी ज्या वाटेनं गेले ती आता बंद झालीये. २०२५ मध्ये यूजीसीनं सायकॉलॉजीसारखे विषय डिस्टन्स आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केली, त्याच २०२१ च्या कायद्याचं कारण देऊन. यामागचा विचार मला कळतो. माणसाच्या मनाशी काम करायचं शिक्षण घरी पुस्तक वाचून पुरं होत नाही, प्रत्यक्ष कुणाच्या तरी देखरेखीखाली शिकायला लागतं, आणि मला ते शिकायला मिळालं ते डिस्टन्सच्या पुस्तकामुळं नाही, फील्डवर्कमुळं. पण पाटणच्या आतल्या खोऱ्यातल्या मुलीला जवळपास सायकॉलॉजी असलेलं कॉलेजच नसेल तर तिनं काय करायचं याचं उत्तर त्या निर्णयात मला दिसलं नाही, आणि त्याचं वाईट वाटतं. अशाच मुली परत आपल्या खोऱ्यात काम करतील, बाहेरून तिथं कोण जाऊन राहणार आहे?

सध्या हाताशी आहे तो नव्या शैक्षणिक धोरणाचा मार्ग. मेजर (मुख्य विषय) सायकॉलॉजी घ्या, मायनर (जोडविषय) सोशिऑलॉजी किंवा कॉलेजात असेल तर सोशल वर्क घ्या. फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) असे क्रेडिट आता सगळ्यांनाच आहेत, ते बहुतेक ठिकाणी एक रिपोर्ट बाइंड करून उरकतात, तसं उरकू देऊ नका. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका, एवढंच विचारा की फील्डला कुठं पाठवता आणि परत आल्यावर आमच्याशी बसून कोण बोलतं. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

कारण हे काम आत जातं. मी दुसऱ्या वर्षाला असताना एका घरून परत आले आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. फादर बिस्टेक यांनी १९५७ मध्ये केसवर्कच्या नात्याची सात तत्त्वं सांगितली, त्यातलं एक म्हणजे भावनिक सहभाग असावा पण तो ताब्यात असावा. परीक्षेला मी ते लिहिलं होतं, पण ताब्यात ठेवायचं म्हणजे करायचं काय ते मॅडमनी शिकवलं. त्यांनी मला रेकॉर्डिंगमध्ये दोन भाग करायला लावले, त्या घरात काय घडलं ते एकीकडं आणि मला काय झालं ते वेगळ्या पानावर, आणि दुसऱ्या पानावर त्या माझ्याशी तासभर बोलायच्या, मार्क न देता. माझ्या आजोळी एक जुनं दुःख आहे, ते त्या घरात मला दिसलं होतं, हे त्या दुसऱ्या पानामुळं समजलं. आता मी कामाला लागले तरी दुसरं पान लिहितेच. आणि रात्री-अपरात्री कुणाचा फोन आला आणि मला झेपण्यापलीकडचं असलं तर १४४१६ चा नंबर देते, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि सकाळी स्वतः फोन करून विचारते की बोलणं झालं का.

या वर्षी माझ्या मामेबहिणीनं सायकॉलॉजी मेजर आणि सोशिऑलॉजी मायनर घेतलंय. मामी थोडी नाराज आहे, तिला बीएड करून मास्तरीण झालेली पाहिजे होती. मामीला मी म्हटलं, तीन वर्षं दे, मग बघू. शनिवारी बहीण आमच्या संस्थेत येऊन बसते. पहिले काही आठवडे तिला मी समुपदेशनाला बसवलं नाही, फॉर्मच्या टेबलावर बसवलं. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, ताई यात सायकॉलॉजी कुठाय? मी म्हटलं, आधी कागद शीक. उत्पन्नाचा दाखला सगळ्यात आधी काढायला सांगायचा कारण त्यालाच वेळ लागतो, मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते माणूस समोर असतानाच बघायचं म्हणजे त्याला परत हेलपाटा पडत नाही, आणि तारखेचा रकाना आला की दाखल्यावर बघून लिहायची नाही, विचारायची.